लेझर कटरचं होमिंग पुन्हा पुन्हा बिघडतंय? स्विच बदलण्याआधी हे तपासा

मशीन चालू केलं की हेड कोपऱ्याकडे निघतं, फ्रेमला जाऊन टेकतं आणि तरी मोटर थांबत नाही. कडकड आवाज येतो, बेल्ट पुलीवरून दात सोडून उड्या मारतो आणि ऑपरेटर धावत जाऊन इमर्जन्सी बटण दाबतो. किंवा बरोबर उलट: हेड जागचं हलतच नाही आणि कंट्रोलर मात्र होमिंग, म्हणजे शून्याची जागा शोधणं, झालं म्हणून मोकळा होतो. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडपासून दांडिया बाजारातल्या साइनबोर्डवाल्यापर्यंत, ज्याच्याकडे सीओटू लेझर आहे त्याच्याकडे यांतलं काहीतरी कधी ना कधी होतंच.

अशा वेळी ठरलेला उपाय म्हणजे लिमिट स्विच, म्हणजे हेड कडेला पोचल्याचं कंट्रोलरला सांगणारा स्विच, बदलणे. नवा स्विच लागतो, मशीन आठवडा-पंधरा दिवस नीट चालतं आणि पुन्हा तेच. मग दुकानदाराला शिव्या, की माल डुप्लिकेट दिला. माझं स्पष्ट मत आहे की वारंवार येणाऱ्या होमिंगच्या बिघाडात स्विच स्वतः क्वचितच दोषी असतो. स्विच बदलताना आपण त्याची वायर हलवतो, कनेक्टर काढून परत बसवतो, ब्रॅकेट आवळतो, काजळी पुसतो. मशीन बरं होतं ते त्यामुळे, आणि श्रेय जातं नव्या स्विचला. म्हणून मूळ कारण तसंच राहतं आणि दुखणं परत येतं.

तेव्हा सुरुवात स्विचपासून नको, सेटिंगपासून तर मुळीच नको. कंट्रोलरला या घडीला काय दिसतंय, ते आधी बघा.

होमिंगमध्ये नेमकं काय होतं

या मशिनांत स्टेपर मोटर असते आणि ती बहुतेक ठिकाणी ओपन लूप चालते. कंट्रोलर पल्स पाठवतो, मोटर तेवढी फिरली असेल असं धरून चालतो. वीज गेली, हेड हाताने सरकवलं, बेल्टचा दात सुटला, यातलं काहीच त्याला कळत नाही. म्हणून मशीन चालू झालं की हेड एका ठरलेल्या कोपऱ्याकडे जातं, लिमिट स्विच लागला की थांबतं, थोडं मागे येतं आणि तिथे शून्य धरतं. पुढची सगळी मापं त्या शून्यावरून. तिथे एक मिलिमीटर चुकला तर सगळीकडे एक मिलिमीटर चुकणार.

स्विच तीन जातींचे भेटतात. मोठ्या मशिनांत बहुधा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, ज्याला आपल्याकडे नुसतं ‘प्रॉक्सी’ म्हणतात: धातूची पट्टी समोर आली की न टेकताच कळतं, आणि मागे एक छोटा दिवा लागतो. काही मशिनांत साधा मायक्रोस्विच असतो, टक् आवाज करणारा. आणि ४० वॅटच्या लहान निळ्या के-४० मशिनांत अनेकदा फटीचा ऑप्टिकल सेन्सर असतो, ज्याच्या फटीत पत्र्याची जीभ शिरली की प्रकाश अडतो.

हात घालण्याआधी

लेझरच्या पॉवर सप्लायची किल्ली किंवा स्विच बंद ठेवा, म्हणजे होमिंग तपासताना बीम सुटणार नाही. लेझर ट्यूबच्या उच्च दाबाच्या वायरकडे हात नेऊ नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि मशीन बंद केल्यावरही काही वेळ धोका राहतो. झाकणाचा सेफ्टी स्विच ‘तेवढ्यापुरता’ बायपास करायची सवय काही दुकानांत दिसते. तेवढ्यापुरता म्हणून घातलेला तो तुकडा वर्षभर तसाच राहतो, आणि सीओटू लेझरचा बीम डोळ्याला दिसत नाही. हे कृपा करून करू नका.

मशीन बंद असताना हेड हाताने सरकवायचं असेल तर सावकाश सरकवा. जोरात ढकललं की मोटर जनरेटरसारखी वीज तयार करते आणि ती उलटी ड्रायव्हरमध्ये जाते.

पहिली तपासणी: पाना आणि स्क्रीन

रुइडा नावाच्या कंपनीच्या कंट्रोलरच्या मेनूत ‘डायग्नोसेस’ नावाचं पान असतं. त्यात प्रत्येक इनपुटसमोर एक छोटा चौकोन दिसतो. इनपुट लागलं की तो हिरवा होतो. एक्स आणि वायचे लिमिट तिथे शोधा. मग हेड बेडच्या मधोमध असताना लोखंडी पाना घेऊन एक्सच्या प्रॉक्सीसमोर धरा. एकाच वेळी दोन गोष्टी बघायच्या: सेन्सरच्या पाठीवरचा दिवा आणि स्क्रीनवरचा चौकोन. सोबत कुणी असेल तर एकाने पाना धरावा, दुसऱ्याने स्क्रीनकडे बघावं.

दिवा लागला आणि चौकोनही बदलला, तर सेन्सर, वायर आणि बोर्ड तिन्ही निदान आत्ता तरी ठीक आहेत. मग बिघाड यांत्रिक आहे किंवा वायर ठरावीक जागीच तुटते आहे.

दिवा लागला पण चौकोन जागचा हलला नाही, तर सेन्सर चांगला आहे. तो बदलू नका. सेन्सरला धातू दिसला हे दिवा सांगतो, पण तो निरोप बोर्डापर्यंत पोचला हे नाही सांगत. काळी सिग्नल वायर, कनेक्टर किंवा बोर्डाचं इनपुट यांपैकी काहीतरी गेलंय. इथे शोध अर्ध्यावर आणा: बोर्डाजवळचा लिमिटचा कनेक्टर काढा आणि त्या इनपुटची पिन वायरच्या छोट्या तुकड्याने बोर्डाच्या ग्राउंडला क्षणभर जोडा. चौकोन बदलला तर बोर्ड शाबूत, दोष वायरीत. नाही बदलला तर बोर्डाचं इनपुट गेलं. ही चाचणी एनपीएन सेन्सरच्या (लागल्यावर सिग्नल ग्राउंडला जोडणाऱ्या) नेहमीच्या जोडणीसाठी आहे. पिन ओळखताना घाई नको. शेजारीच पाच किंवा चोवीस व्होल्टची पिन असते आणि ती ग्राउंडला लागली तर आणखी एक काम वाढतं.

दिवाच लागला नाही, तर तपकिरी आणि निळ्या वायरीत व्होल्टेज मोजा. तपकिरी म्हणजे धन, निळी म्हणजे ऋण. व्होल्टेज आहे आणि दिवा नाही, तेव्हा कुठे सेन्सर गेला असं म्हणता येतं.

मायक्रोस्विच असेल तर पान्याऐवजी बोट. ऑप्टिकल असेल तर फटीत कागदाची जाड पट्टी. बाकी रीत तीच.

हेड कोपऱ्यात जाऊन ठोकतं

याचा अर्थ एवढाच की कंट्रोलरला स्विच लागल्याचं कळलं नाही. आणि इथे स्विच नॉर्मली ओपन (एरवी सुटलेला, लागला की जोडणारा) आहे की नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, लागला की सोडणारा), हे ठाऊक असणं फार उपयोगी पडतं. नॉर्मली ओपन जोडणीत वायर तुटली तर कंट्रोलरला वाटतं स्विच अजून लागायचाय, आणि हेड ठोकत राहतं. नॉर्मली क्लोज्ड जोडणीत वायर तुटली तर त्याला वाटतं स्विच लागलेलाच आहे, आणि हेड हलत नाही. म्हणजे एकाच तुटलेल्या वायरीची दोन वेगळी लक्षणं. मायक्रोस्विचच्या तीन पायांपैकी कॉमन आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड) वापरलेत तर वायर तुटल्यावर मशीन निमूट उभं राहतं, फ्रेम आणि बेल्ट वाचतात. नवीन जोडणी करणाऱ्याने हीच निवडावी. मात्र चालू मशिनात हा बदल करायचा तर कंट्रोलरमधली लिमिटची पोलॅरिटीही (कोणता सिग्नल ‘लागला’ मानायचा ते) बदलावी लागते. एक बदलून दुसरं विसरलं की मशीन लगेच वेडंवाकडं वागतं.

ठोकणाऱ्या मशिनात मला सगळ्यांत जास्त वेळा सापडतं ते केबल चेनमधल्या (हलत्या वायरी सांभाळणाऱ्या कड्यांच्या साखळीतल्या) वायरीचं तुटणं. आणि त्यातही एक्सची वायर. का, ते बघा. वायचा सेन्सर फ्रेमवर बसलेला असतो, त्याची वायर हलत नाही. एक्सचा सेन्सर गॅन्ट्रीच्या, म्हणजे हेड ज्यावर सरकतं त्या आडव्या दांड्याच्या, टोकाला असतो, आणि गॅन्ट्री दिवसभर पुढेमागे जाते. एक्सची वायर वायच्या चेनमधून येते, आणि प्रत्येक फेरीला त्याच जागी वाकते. काही महिन्यांनी आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र अखंड. बाहेरून वायर अगदी नवी दिसते. गॅन्ट्री एका जागी असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, पुढे सरकली की सुटतात. ‘सकाळी होम होत नाही, दुपारी होतं’ अशी तक्रार आली की मी आधी चेनच उघडतो.

पकडायची रीत सोपी आहे. रुपयाचं नाणं टेपने प्रॉक्सीच्या तोंडावर चिकटवा. हल्लीचं नाणं फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं असतं, प्रॉक्सीला ते व्यवस्थित दिसतं. आता सेन्सर कायम लागलेला राहील आणि चौकोन हिरवा. मशिनाला कोणतीही चाल न देता केबल चेन हाताने थोडी थोडी वाकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. ज्या कडीपाशी चौकोन लुकलुकला, तिथे वायर तुटली आहे. मग मशीन पूर्ण बंद करून चेनची त्या भागातली झाकणं उघडा आणि दोन चिमटीत धरून एकेक वायर हलकेच ताणा. चांगली वायर ताठ लागते. आतून तुटलेली रबरासारखी लांबते, कारण आता ताण फक्त प्लॅस्टिकवर येतो. हे एकदा बोटांना कळलं की मल्टिमीटरही लागत नाही, तरी खात्रीसाठी कंटिन्युइटी बघून घ्या.

तुटलेल्या जागी पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या महिन्याचं काम आजच नोंदवून ठेवणं. चेनच्या आत सोल्डरचा जोडही नको: सोल्डर तारेत चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. चेनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड नवी वायर टाका, बारीक तारांची, लवचीक, चेनसाठीची. जोड चेनच्या बाहेर, जिथे काही हलत नाही तिथे, सोल्डर करून हीट-श्रिंक ट्यूबने झाका. चेनमध्ये वायर सैल ठेवा. दोन्ही टोकांना चेनच्या बाहेर टाय लावा, आत लावू नका. एअर असिस्टची (कापताना हवा फुंकणारी) नळी आणि ही वायर एकाच टायने आवळलेली बरेचदा दिसते. नळी ताठ असते, ती वायरीला ओढत नेते.

वायर चांगली निघाली तर पट्टी आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बघा. १२ मिमी व्यासाचे जे सेन्सर सर्रास मिळतात त्यांचं अंतर ४ मिमी लिहिलेलं असतं, पण ते लोखंडासाठी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असेल तर ते निम्म्याहूनही कमी होतं. पट्टी कधी वाकते, कधी तिचा स्क्रू ढिला होतो, कधी कुणी बेड पुसताना कापड अडकवतं. दोन मिलिमीटरचं अंतर ठेवा. आणि शक्य असेल तिथे पट्टी सेन्सरच्या तोंडावरून आडवी सरकेल अशी लावा, समोरून येऊन धडकेल अशी नको. म्हणजे हेड थोडं पुढे गेलं तरी सेन्सर फुटत नाही.

होमिंगचा वेग जास्त असेल तरीही हेड पट्टी ओलांडून जातं. वेग कमी करून एकदा बघा. घाईने होम झाल्याने दिवसातून फार तर काही सेकंद वाचतात.

हेड हलतच नाही

कंट्रोलरला स्विच लागलेला दिसतोय. नॉर्मली ओपन असेल तर कुठेतरी सिग्नल ग्राउंडला चिकटलाय, म्हणजे वायर चेचली गेली किंवा कनेक्टरमध्ये ओल आहे. नॉर्मली क्लोज्ड असेल तर वायर तुटलीय. आणि मायक्रोस्विच असेल तर त्याची पट्टी दाबलेल्या अवस्थेत अडकलेली असू शकते. वर-खाली करून टक् आवाज येतो का ते ऐका.

ऑप्टिकल सेन्सरमध्ये कारण बहुधा एकच: काजळी. श्रावण लागला की इथे मखरांची कामं सुरू होतात आणि एमडीएफ रात्रंदिवस कापला जातो. एमडीएफच्या धुरात लाकडाबरोबर रेझिनही असतं, त्यामुळे काजळी कोरडी पडत नाही, चिकट थर बसतो. तो फटीत बसला की प्रकाश अडतो आणि कंट्रोलरला वाटतं पत्र्याची जीभ आत आहे. मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकाडीने फट दोन्ही बाजूंनी पुसा. कानकाडी पहिल्यांदा तपकिरी निघते. पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत मशीन चालू करू नका, त्याची वाफ पेट घेते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत हे रोज संध्याकाळी केलं तरी जास्त नाही. आणि एक्झॉस्टचा पाइप साफ करा. धूर नीट बाहेर गेला तर सेन्सरवर बसेल कशाला?

मायक्रोस्विचवर गंज काढायचा स्प्रे मारणारे पुष्कळ आहेत. त्याचं तेल मागे राहतं आणि त्यावर काजळी आणखी घट्ट बसते. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा.

रेक्झिन आणि पुराचं पाणी

दोन गोष्टी अशा आहेत की त्या असताना कितीही स्विच बदला, उपयोग नाही.

पहिली म्हणजे पीव्हीसी. रेक्झिन, फ्लेक्स, विनाइल स्टिकर यांत पीव्हीसी असतं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि हवेतल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. पावसाळ्यात तर लगेच. रेल गंजतात, बेअरिंग खरखरतात, मायक्रोस्विचचे कॉन्टॅक्ट हिरवे-काळे पडतात, कनेक्टरच्या पिना खाल्ल्या जातात. माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं ते वेगळंच. लेझरवर पीव्हीसी कापायचं नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी. कापड कसलं आहे ते कळत नसेल तर तांब्याची तार लालबुंद तापवा, त्या तुकड्याला टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ही चाचणी मोकळ्या हवेत करा आणि धूर हुंगू नका.

दुसरी म्हणजे पाणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कित्येक शेड आणि दुकानांत यंत्रं पाण्यात उभी होती. वरवर सुकवून चालू केलेल्या मशिनात खालच्या बाजूचे कनेक्टर आतून गंजत राहतात. लक्षण असं की थंड मशीन होम होतं, तासाभराने होत नाही, किंवा कनेक्टरला बोट लावलं की चालतं. पीनवर हिरवट पांढरी भुकटी दिसली तर पुसत बसू नका. कनेक्टर दोन्ही बाजूंचा कापून नवा क्रिम्प करा. वायरीच्या आतही ओल चढलेली असते. सोललेली तार काळी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

होम होतं, पण रोज थोडं वेगळ्या जागी

हा बिघाड आवाज करत नाही, म्हणून जास्त नुकसान करतो. आधीच कापलेल्या तुकड्यावर कोरीवकाम बसवायचं असतं आणि ते मिलिमीटरभर सरकतं.

बेडवर टाकाऊ प्लायवर मास्किंग टेप लावा. अ‍ॅब्सोल्यूट कोऑर्डिनेटवर एक बारीक ठिपका देणारी फाइल बनवा, झाकण बंद करून कमी पॉवरवर चालवा. पुन्हा होम करा, पुन्हा तीच फाइल. असं काही वेळा करून टेप जवळून बघा. ठिपका एकावर एक पडला तर होमिंग ठीक आहे. आडवा पसरला तर एक्सकडे, उभा पसरला तर वायकडे बघा. या ठिपक्यांनी जेवढं कळतं तेवढं तासभर चर्चा करून कळत नाही.

कारण बहुतेक वेळा हाताला लागतं: सेन्सरचं ब्रॅकेट हलतंय, पट्टी डुगडुगते, मोटरच्या पुलीचा ग्रब स्क्रू ढिला आहे. पुली आणि शाफ्टवर मार्करने एकच रेघ ओढून ठेवा. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर पुली घसरते आहे.

गॅन्ट्री तिरकी होणं हा याच कुटुंबातला दोष. वायची मोटर एका लांब शाफ्टने दोन्ही बाजूंचे बेल्ट फिरवते, आणि सेन्सर मात्र एकाच बाजूला असतो. एका बाजूचं कपलिंग घसरलं की ती बाजू मागे राहते आणि कंट्रोलरला काही पत्ता नसतो. ३०० मिमीचा चौरस कापून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, सुमारे ४२४ मिमी यायला हवेत. फरक आला तर मशीन बंद करून कपलिंग सैल करा, गॅन्ट्रीची दोन्ही टोकं फ्रेमपासून सारख्या अंतरावर आणा आणि मग आवळा. ज्या मशिनाने कोपऱ्यात बराच वेळ ठोकलंय त्याचं होमिंग दुरुस्त झाल्यावर ही तपासणी केल्याशिवाय काम सुरू करू नये.

उलट्या कोपऱ्याकडे जातं

मोटर, ड्रायव्हर किंवा बोर्ड नुकताच बदललाय का? मग मोटरच्या एका जोडीच्या दोन वायरी उलट लागल्यात किंवा दिशेचं सेटिंग बदललंय. काहीही न बदलता मशीन सहसा आपोआप उलटं जात नाही. सेटिंगला हात लावण्याआधी कंट्रोलरमधली सगळी पॅरामीटर वाचून फाइल सेव्ह करा, आणि त्याचा फोनवर फोटोही काढून ठेवा.

काम चालू असताना मध्येच थांबतं

आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा. रुइडावर ‘फ्रेम स्लॉप’ आला तर डिझाइन बेडच्या हद्दीबाहेर जातंय. ‘नॉट इनफ एक्स्टेंड स्पेस’ आला तर कोरीवकाम करताना हेडला दोन्ही बाजूंना वेग घ्यायला आणि कमी करायला जी जास्तीची जागा लागते ती उरलेली नाही. डिझाइन कडेपासून आत घ्या किंवा वेग कमी करा. या दोन्हींत लिमिट स्विचचा काहीही संबंध नाही, आणि तरी यांच्यासाठी स्विच बदललेले मी पाहिले आहेत.

खरोखर लिमिट लागल्याचा संदेश येत असेल आणि हेड स्विचपासून लांब असेल, तर विद्युत गोंगाट किंवा तीच चेनमधली वायर. दोन्ही वेगळे काढायची युक्ती: तीच फाइल लेझर बंद ठेवून चालवा. तरीही थांबलं तर वायर. लेझर बंद असताना नीट चाललं आणि चालू केल्यावर थांबलं, तर पॉवर सप्लायचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतोय. लिमिटची वायर ट्यूबच्या वायरीपासून दूर न्या, शील्ड असलेली केबल वापरा आणि शील्ड फक्त एका टोकाला अर्थ करा. मशीनच्या बॉडीला खरं अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. भाड्याच्या गाळ्यात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते, हे सर्रास दिसतं. ते लिमिटसाठीच नाही, जिवासाठीही धोक्याचं आहे.

जीआरबीएलवाल्यांसाठी

कलाभवन या वडोदऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं डायोड लेझर स्वतः जोडतात, त्यांच्या बोर्डावर बहुधा जीआरबीएल हा मशीन चालवणारा प्रोग्राम असतो. तिथे स्क्रीनवर डायग्नोसेसचं पान नाही, पण प्रश्नचिन्ह पाठवलं की येणाऱ्या उत्तरात दाबलेल्या स्विचचं अक्षर दिसतं. हाताने स्विच दाबा, प्रश्नचिन्ह पाठवा, बघा.

अलार्म ९ म्हणजे ठरलेल्या अंतरात स्विच सापडला नाही. जीआरबीएल त्या अक्षाच्या कमाल अंतराच्या दीडपट शोधतं. मूळ सेटिंगमध्ये हे अंतर २०० मिमी असतं. बेड ४०० चा असेल आणि ते तसंच राहिलं तर हेड ३०० मिमी जाऊन अलार्म देतं, स्विच अगदी उत्तम असूनही. $१३० आणि $१३१ (एक्स आणि वायचं कमाल अंतर) खरे भरा. अलार्म ८ म्हणजे मागे सरकूनही स्विच सुटला नाही: $२७ (मागे सरकायचं अंतर) मूळचा १ मिमी असतो, तो २ किंवा ३ करा. अलार्म १ म्हणजे चालू कामात हार्ड लिमिट लागला. आरडुइनोच्या पिनेवरचा आतला पुल-अप कमजोर असतो, बाहेरून रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने खोटे ट्रिगर बरेच कमी होतात. आणि नव्याने जोडलेलं मशीन होम करायला सांगितल्यावर एक्स-वाय हलतच नसतील, तर मूळ प्रोग्राम आधी झेड अक्ष होम करू पाहतो हे ध्यानात घ्या. दोनच अक्षांच्या लेझरला झेडचा स्विच कुठून येणार? कॉन्फिग फाइलमध्ये होमिंगची पहिली फेरी एक्स-वायची करून प्रोग्राम पुन्हा चढवावा लागतो.

होमिंग बंद करून काम चालवणं

‘सध्या होमिंग बंद करून दे, सीझन निघून जाऊ दे,’ असं म्हणणाऱ्याची अडचण मला समजते. ऑर्डर डोक्यावर असते. पण होमिंग बंद असलेल्या मशिनाला बेड कुठे संपतो ते ठाऊक नसतं. ऑपरेटरने हेड चार बोटं चुकीच्या जागी ठेवलं की ते पूर्ण वेगात फ्रेमवर जातं. त्यात आरसा हलला तर अलाइनमेंटमध्ये दिवस जातो. तुटलेली वायर शोधून बदलायला त्याहून खूप कमी वेळ लागतो.

सेन्सर खरंच गेला असेल तर

जुना सेन्सर हातात घेऊन त्यावरची अक्षरं वाचा. १२ मिमीच्या त्या प्रचलित मालिकेत नाव सारखंच असतं, फक्त शेवटची दोन अक्षरं बदलतात: बीएक्स म्हणजे एनपीएन नॉर्मली ओपन, एएक्स म्हणजे एनपीएन नॉर्मली क्लोज्ड, बीवाय आणि एवाय म्हणजे पीएनपी, जे सिग्नल ग्राउंडऐवजी धन बाजूला जोडतात. दिसायला चौघे अगदी सारखे, म्हणून काउंटरवर नुसतं ‘प्रॉक्सी द्या’ म्हणून चालत नाही. पीएनपी लावला तर दिवा लागेल, पण एनपीएनसाठीच्या बोर्डाला काही कळणार नाही, आणि तुम्ही उगाच वायर शोधत बसाल.

दुसरी अडचण व्होल्टेजची. यांतल्या बऱ्याच सेन्सरवर ६ ते ३६ व्होल्ट लिहिलेलं असतं. तुमच्या मशिनात लिमिटला ५ व्होल्टच येत असतील तर असा सेन्सर कधी चालतो, कधी नाही, आणि चालला तरी कमी अंतरावरून. आधी तपकिरी आणि निळ्या वायरीत मोजा, मग ५ व्होल्टवर चालणारा की २४ चा ते ठरवा. नवा बसवल्यावर पुन्हा पाना, दिवा आणि चौकोन. मग टेपवरचे ठिपके. दोन्ही बरोबर आले की सेन्सरची नटं आवळा, नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून मार्करची रेघ ओढा आणि जुन्या सेन्सरचा नंबर मशिनाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.